तिच्या तोंडून हिपहॉप

ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकेत ‘ब्राउन शुगर’ नावाचा सिनेमा लागला. सिडनी आणि ड्रे हे न्यूयॉर्कमधले बालमित्र, दोघांनाही हिपहॉपचं वेड. ती मोठी होऊन संगीतसमीक्षक होते, तो रेकॉर्ड कंपनीत नवे कलाकार हेरण्याच्या नोकरीला लागतो. त्याचं लग्न भलत्याच मुलीशी होतं, तिचं भलत्याच मुलाशी ठरतं, आणि आपलं एकमेकांवर प्रेम आहे हे या दोघांना उमगेपर्यंत प्रेक्षकांना ते केव्हाच कळलेलं असतं. सना लेथन आणि टे डिग्ज यांनी कामं जीव ओतून केली आहेत, दिग्दर्शक रिक फामुयिवाला ही माणसं आणि हे शहर आतून माहीत आहे. तरीही आज या सिनेमाचं नाव निघतं ते मुख्यतः एका गाण्यामुळे. ‘लव्ह ऑफ माय लाइफ’. गायिका एरिका बाडू, सोबतीला शिकागोचा रॅपर कॉमन.

बिलबोर्डच्या आर अँड बी-हिपहॉप यादीत हे गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं, मुख्य यादीत नवव्या. २००३ च्या ग्रॅमी सोहळ्यात सर्वोत्तम आर अँड बी गीताचा पुरस्कारही त्याला मिळाला. शीर्षकाला जोडूनच ‘हिपहॉपचं स्तोत्र’ अशा अर्थाचं उपशीर्षक आहे, त्यामुळे प्रेयसीने प्रियकराला आळवावं तसं एका संगीतप्रकाराला आळवलेलं हे गाणं आहे, यात कसलंच गुपित नाही. बहुतेक लिखाण इथेच थांबतं. हिपहॉपला वाहिलेली गोड आदरांजली, म्हणून गाणं फडताळात ठेवून दिलं जातं.

हा त्या गाण्यावर अन्याय आहे. हिपहॉपवरच्या प्रेमाची गोष्ट तोवर गाजली होती ती पुरुषांच्या तोंडून, आणि त्या गोष्टीत बाईला जागा होती ती उपमेपुरती. एरिका बाडूने ती जागा बदलली. गोष्ट सांगणारी तीच झाली आणि हिपहॉप झाला तिचा प्रियकर. ही अदलाबदल गंमत म्हणून केलेली नाही, आधीच्या एका प्रसिद्ध गाण्याचं ते उत्तर आहे.

उत्तराकडे वळण्याआधी गाण्याच्या कुळाविषयी थोडं सांगायला हवं. हे गाणं ‘निओ सोल’ या प्रकारातलं. हे नाव नव्वदच्या दशकात केडार मासेनबर्ग या निर्मात्याने रूढ केलं. गायक डी’अँजेलोचा ‘ब्राउन शुगर’ हा अल्बम १९९५ चा (सिनेमाशी नावाचं साम्य, बाकी संबंध नाही), मॅक्सवेलचा पहिला अल्बम १९९६ चा, एरिका बाडूचा ‘बाडुइझम’ १९९७ चा. सत्तरच्या दशकातल्या स्टीव्ही वंडर, मार्विन गे, रोबर्टा फ्लॅक यांच्या गाण्यातली ऊब या पिढीला हवी होती. पण ती वाढली होती हिपहॉपच्या ठेक्यावर. म्हणून बेस गिटार, ड्रम, इलेक्ट्रिक पियानो ही वाद्यं पुन्हा स्टुडिओत माणसं वाजवू लागली आणि ती वाजवताना हिपहॉपच्या ठेक्यातला रेंगाळलेपणा मुद्दाम राखला जाऊ लागला. ड्रमचा आघात अपेक्षेपेक्षा केसभर मागे पडतो, ऐकणाऱ्याची मान आपोआप डुलते. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये जिमी हेंड्रिक्सने उभारलेल्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत २००० च्या आगेमागे डी’अँजेलो, एरिका बाडू, कॉमन, क्वेस्टलव्ह, जे डिला, जेम्स पॉयझर ही मंडळी अक्षरशः एकमेकांच्या खोल्यांत ये-जा करत अल्बम घडवत होती. ‘लव्ह ऑफ माय लाइफ’च्या गीतकारांच्या यादीत पॉयझरचं नाव आहे, बाडू आणि कॉमन यांचं आहे, आणि ओकलंडच्या राफाएल सादीकचंही. या गाण्याचा सुखद, सैल, गप्पा मारल्यासारखा बाज त्याच सहवासातून आला आहे.

याच काळात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या प्रेमकथांना मोठा पडदा मिळाला. १९९७ चा ‘लव्ह जोन्स’ शिकागोतला एक कवी आणि एक छायाचित्रकार यांची गोष्ट सांगतो. २००० चा ‘लव्ह अँड बास्केटबॉल’ दोन खेळाडूंची. बंदुका, तुरुंग, अमली पदार्थ यांच्या पलीकडे नोकरी करणारी, पुस्तकं वाचणारी, भांडून समेट करणारी माणसं पडद्यावर आली आणि निओ सोल हा त्यांचा आवाज बनला. आपल्या सिनेमासारखी तिथे नायिका ओठ हलवत गात नाही. गाणं प्रसंगामागे वाजतं, श्रेयनामावलीवर वाजतं, आणि मग स्वतंत्र अल्बम म्हणून घराघरांत जातं. ‘लव्ह जोन्स’च्या अल्बममधलं लॉरिन हिलने गायलेलं ‘द स्वीटेस्ट थिंग’ अनेकांनी सिनेमा न पाहताच पाठ केलं. पण ते गाणं त्या सिनेमाशिवाय जगू शकतं, दुसऱ्या कुठल्याही प्रेमकथेला शोभू शकतं. ‘लव्ह ऑफ माय लाइफ’चं तसं नाही. हे गाणं सिनेमाचाच विषय उचलतं आणि सिनेमाहून पुढे नेतं.

आता ते उत्तर कशाला दिलेलं, ते पाहू.

१९९४ मध्ये कॉमनने ‘आय यूस्ड टू लव्ह एच.ई.आर.’ हे गाणं केलं. तेव्हा तो बाविशीचा होता. निर्माता होता ‘नो आय.डी.’ या नावाने ओळखला जाणारा संगीतकार. गाण्याचा निवेदक आपल्या बालपणीच्या मैत्रिणीची गोष्ट सांगतो. ती साधी होती, मनस्वी होती, तिला स्वतःची अक्कल होती. मग ती मोठी झाली, पश्चिम किनाऱ्यावर गेली, टग्या पोरांच्या नादी लागली, पैशासाठी कोणाहीबरोबर जाऊ लागली. अगदी शेवटी कळतं की ही मुलगी म्हणजे हिपहॉप. हिपहॉपमधल्या सर्वोत्तम गाण्यांत ते आजही मोजलं जातं आणि कारागिरी पाहिली तर ते योग्यच आहे. कॅलिफोर्नियाचा रॅपर आइस क्यूब याला त्यातला पश्चिम किनाऱ्यावरचा टोमणा झोंबला. दोन्ही बाजूंनी गाण्यांतून वार झाले, आणि पुढे १९९७ मध्ये धार्मिक नेते लुई फराखान यांनी दोघांना समोरासमोर बसवून तंटा मिटवला.

तंटा मिटला, पण त्या भांडणात एक प्रश्न कोणीच विचारला नाही. एका संगीताचा ऱ्हास दाखवायला बाईचं चारित्र्यच मोजपट्टी म्हणून का वापरायचं? बाजाराच्या मागे लागले ते रेकॉर्ड कंपन्यांचे मालक आणि रॅपर, बहुतेक सगळे पुरुष. बदनाम झाली ती उपमेतली मुलगी. तिला गाण्यात एकही वाक्य बोलायला मिळत नाही. तिने काय केलं, कोणाबरोबर केलं, याचा हिशेब तिचा जुना मित्र मांडतो आणि ऐकणारा मान डोलावतो. १९९९ मध्ये ‘द रूट्स’ या फिलाडेल्फियाच्या बँडने ‘अ‍ॅक्ट टू (द लव्ह ऑफ माय लाइफ)’ केलं, त्यातही कॉमन होताच. तिथला सूर बराच कृतज्ञतेचा आहे. ते गाणंही ‘ब्राउन शुगर’च्या अल्बममध्ये घेतलं आहे. पण प्रेम करणारे पुरुष, आणि प्रेमाचा विषय ‘ती’, ही मांडणी तशीच राहिली.

२००२ मध्ये एरिका बाडूने तोच धागा उचलला तेव्हा गोष्ट सुरू होते ती एका लहान मुलीपासून. तिला तो भेटतो, तिच्या हातात कविता ठेवतो, तिचं पहिलं प्रेम होतो. तो आपल्या एकटीचा नाही, हेही तिला पहिल्यापासून ठाऊक असतं. इथे कॉमनच्या गाण्यापेक्षा सगळंच वेगळं घडतं. तो जगभर फिरला, इतरांचा झाला, याची तक्रार ती करत नाही. त्याच्या चारित्र्याचा पंचनामा करत नाही. मधूनच जुन्या काळच्या, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या पार्ट्यांत माइकवरचे एमसी लोक गर्दीला ज्या आरोळ्या देत, तशा आरोळ्या ती आपल्या मऊ, किंचित अनुनासिक आवाजात गुणगुणते. ज्या आरोळ्यांवर पुरुषांच्या भारदस्त आवाजाची मालकी समजली जाई, त्या तिच्या गळ्यातून अंगाईसारख्या उतरतात. गाण्यातली सर्वांत धीट जागा हीच. आवाज न चढवता ती आपली वहिवाट दाखवते.

आणि ही वहिवाट खरी आहे. एरिका बाडू १९७१ ची, टेक्सासमधल्या डॅलसची. गायिका म्हणून नावारूपाला येण्याआधी ती रॅप करायची. किशोरवयात स्थानिक रेडिओवर तिने उत्स्फूर्त रॅप केला आहे, चुलतभावाबरोबर जोडी जमवून कार्यक्रम केले आहेत. ‘बाडुइझम’नंतर लोक तिची तुलना जॅझ गायिका बिली हॉलिडेशी करू लागले आणि तिच्या डोक्यावरचं उंच फेट्यासारखं वस्त्र हीच तिची ओळख ठरली, तेव्हा हा रॅपर असण्याचा भाग झाकला गेला. ‘लहानपणी तो मला भेटला’ हे तिच्यासाठी रूपक कमी आणि आठवण जास्त होती.

मग कॉमनचं कडवं येतं. त्या काळात ही दोघं प्रत्यक्ष आयुष्यातही जोडीदार होती, त्यामुळे या कडव्याला दुहेरी वजन आहे. तो अजूनही हिपहॉपला ‘ती’च म्हणतो. एकाच गाण्यात एकच प्रेमविषय तिच्यासाठी ‘तो’ आहे आणि त्याच्यासाठी ‘ती’, आणि दोघंही एकमेकांना दुरुस्त करायला जात नाहीत. पण कॉमन बदललेला आहे. जुन्या ताटातुटीची तो आठवण काढतो, पुन्हा जुळल्याचं सांगतो, आणि आठ वर्षांपूर्वी ज्या वाईट संगतीवरून एवढं रामायण घडलं, त्या पोरांनीही तिचं काही भलं केलं, हे कबूल करतो. एखादा कलाकार आपल्याच सर्वांत गाजलेल्या गाण्याचा निकाल असा जाहीरपणे फिरवतो, आणि तोही दुसरीच्या गाण्यात पाहुणा म्हणून, हे दुर्मीळ आहे. १९९४ च्या गाण्याचं कौतुक करताना ही दुरुस्ती सोडून देणारे लेख कॉमनवरही अन्यायच करतात.

बाईला आवाज देण्याच्या बाबतीत सिनेमाची मात्र ओढाताण होते. त्याची सुरुवात सुंदर आहे. सिडनी प्रत्येक मुलाखतीत एकच प्रश्न विचारते, हिपहॉपच्या प्रेमात तुम्ही केव्हा पडलात? आणि खरेखुरे कलाकार कॅमेऱ्यासमोर येऊन उत्तरं देतात. कोणी पहिली रेकॉर्ड सांगतो, कोणी गल्ली सांगतो. चेहरे उजळलेले, बोलता बोलता हात ठेका धरणारे. बाईने प्रश्न विचारायचा आणि पुरुषांनी आठवणी सांगायच्या, असंच मात्र बहुतेक वेळ चालतं. सिडनीचं स्वतःचं उत्तरही आपल्याला मिळतं, १९८४ च्या ब्रॉन्क्समधल्या एका रस्त्यावरचं. पण तिने लिहिलेलं हिपहॉपवरचं पुस्तक खरं तर ड्रेवरच्या प्रेमाचं पुस्तक आहे असा उलगडा पुढे होतो, आणि एका जाणत्या समीक्षकाचं काम नायकाला पोचवायच्या प्रेमपत्राइतकं लहान होऊन बसतं. तसं करायची गरज नव्हती. तोवर अमेरिकेत हिपहॉपवर लिहिणाऱ्या स्त्रियांची भक्कम फळी उभी होती. डॅनियल स्मिथ नव्वदच्या दशकात ‘व्हाइब’ मासिकाच्या मुख्य संपादक झाल्या. जोन मॉर्गन यांनी १९९९ च्या पुस्तकात हिपहॉपवर प्रेम करणाऱ्या स्त्रीवादी बाईची कोंडी नेमकी पकडली. ज्या गाण्यांत आपला अपमान होतो त्याच गाण्यांवर आपण नाचतो, हे लपवायचं कशाला, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. सिडनीला हा सवाल पडता, तर सिनेमा फार वरच्या पातळीवर गेला असता.

हिपहॉपच्या इतिहासाची सुरुवातच मुळी एका मुलीच्या हिशेबातून झाली आहे. ११ ऑगस्ट १९७३, ब्रॉन्क्समधली १५२० सेजविक अव्हेन्यू ही इमारत. हिपहॉपचा जन्म म्हणून हीच तारीख आणि हाच पत्ता सांगितला जातो, आणि नाव घेतलं जातं डीजे कूल हर्कचं. त्या रात्री इमारतीच्या सामायिक खोलीत तो रेकॉर्ड वाजवत होता हे खरं. पण ती पार्टी ठरवली होती त्याच्या बहिणीने, सिंडी कॅम्पबेलने. शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायला तिला पैसे हवे होते. खोली तिने भाड्याने घेतली, आमंत्रणाची छोटी कार्डं हाताने लिहून वाटली, प्रवेशाचे दर ठरवले. मुलींना २५ सेंट, मुलग्यांना ५०. हर्कची करामत वादातीत आहे; एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती लावून तो गाण्यातला नाचायला सर्वांत चांगला तुकडा लांबवत न्यायचा. मात्र सिंडीने हिशेब मांडला नसता तर त्या रात्री वाजवायला खोली नव्हती आणि ऐकायला गर्दीही नव्हती.

पुढेही हेच. शुगरहिल गँग या गटाचं ‘रॅपर्स डिलाइट’ हे १९७९ चं गाणं रॅपला देशभर घेऊन गेलं, ते छापलं शुगर हिल रेकॉर्ड्सने, आणि त्या कंपनीचा कारभार हाकणारी होती सिल्व्हिया रॉबिन्सन, स्वतः गायिका. त्याच वर्षी त्याच कंपनीने दक्षिण कॅरोलायनातल्या कोलंबिया गावच्या तीन मुलींचं गाणं काढलं. गटाचं नाव ‘द सीक्वेन्स’, गाणं ‘फंक यू अप’. शुगरहिल गँगचा कार्यक्रम त्यांच्या गावी आला तेव्हा या मुली रंगमंचामागे गेल्या आणि सिल्व्हियाला तिथल्या तिथे गाऊन दाखवलं. त्यातली एक होती अँजी ब्राउन, जिला जगाने पुढे अँजी स्टोन म्हणून ओळखलं.

या नावापाशी थोडं थांबायला हवं, कारण रॅप आणि निओ सोल यांच्यातला सांधा म्हणजे हीच बाई. ‘द सीक्वेन्स’नंतर अनेक वर्षं ती इतरांसाठी लिहीत, मागे उभी राहून गात राहिली. डी’अँजेलोच्या ‘ब्राउन शुगर’ अल्बमच्या घडणीत तिचा हात होता. ‘ब्राउन शुगर’ सिनेमाच्या अल्बममध्येही तिचं गाणं आहे. १ मार्च २०२५ रोजी अलाबामात रस्ता अपघातात ती गेली. १९७९ मध्येच रॅपची रेकॉर्ड केलेल्या पहिल्यावहिल्या स्त्रियांपैकी एक, ही तिची ओळख पहिल्या ओळीत यायला हवी होती. रॅपर आणि निर्माता डॉ. ड्रे याने १९९५ मध्ये ‘फ्रायडे’ सिनेमासाठी केलेलं लोकप्रिय गाणं ‘फंक यू अप’वरच उभं आहे, आणि ते गाणं गुणगुणणाऱ्या किती जणांना या तीन मुलींची नावं माहीत असतील!

महाराष्ट्रात हिपहॉप रुजला आहे, तेव्हा हा मुद्दा आपल्यासाठीही परका नाही. झोया अख्तरच्या ‘गली बॉय’ने २०१९ मध्ये मुंबईचा रॅप देशभर नेला, ‘स्वदेसी’सारख्या गटाने आरेच्या जंगलाचा आणि वारली माणसांचा प्रश्न गाण्यातून मांडला. ‘गली बॉय’मध्येही कहाणी मुलाची आहे आणि मुलगी त्याची पाठराखीण आहे. प्रत्यक्षात गोवंडीची सानिया एमक्यू हिजाब घालून रॅप करते. मधुरा घाणे ही महादेव कोळी समाजातली तरुणी ‘माही जी’ या नावाने आदिवासींच्या जमिनीवर, पाण्यावर, उन्हाच्या झळांवर मराठी-हिंदीत रॅप लिहिते. त्यांच्यावरच्या मजकुरात मुलगी असून रॅप करते याचं नवल ठळक असतं, आणि ती काय लिहिते, यमक कुठे तोडते, श्वास कुठे घेते, यावर चार ओळीही नसतात. मराठी रॅपचा इतिहास अजून लिहायचा आहे. तो लिहिताना या मुलींसाठी वेगळी चौकट काढून त्यांना कडेला बसवू नये. मुख्य मजकुरात, सुरुवातीपासून, त्यांच्या कामाची चर्चा व्हावी.

बाडूने हेच केलं आणि २००२ वर ती थांबली नाही. २००३ च्या ‘वर्ल्डवाइड अंडरग्राउंड’ या अल्बममध्ये तिने ‘लव्ह ऑफ माय लाइफ वर्ल्डवाइड’ नावाचं गाणं घेतलं. या वेळी कॉमन नाही, एकही पुरुष पाहुणा नाही. सोबतीला क्वीन लतीफा, जी सिनेमात सिडनीची मैत्रीण झाली होती. फिलाडेल्फियाची रॅपर बहामादिया. आणि अँजी स्टोन. गाण्याचा पाया ‘फंक यू अप’. शीर्षक निओ सोलच्या प्रेमगीताचं, अंगात मात्र १९७९ चं रॅप, आणि ते रॅप जिने चोवीस वर्षांपूर्वी रेकॉर्ड केलं होतं तीच बाई पुन्हा माइकसमोर.

ज्यांना हा सगळा प्रवास कानांनी तपासायचा असेल त्यांनी चार गाणी ओळीने ऐकावीत: ‘फंक यू अप’, मग कॉमनचं १९९४ चं, मग ‘ब्राउन शुगर’मधलं ‘लव्ह ऑफ माय लाइफ’, आणि शेवटी २००३ चं. इंग्रजी शब्द सगळे कळले नाहीत तरी चालेल. दुसऱ्या गाण्यात जी मुलगी शेवटपर्यंत गप्प आहे, तिला तिसऱ्या गाण्यात कंठ फुटतो. आणि चौथ्यात तर चार बायका एकमेकींचं वाक्य उचलत, हसत, ठेक्याला धक्के देत गातात. तिथे हिपहॉपवर कोणाचं प्रेम जास्त, हा वाद घालायला कोणी उरलेलंच नाही.